वह्या भरल्यात, पण लिहिलंय कुठे?

"सुंदर अक्षर हाच खरा दागिना" हा सुविचार महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या फळ्यावर कधी ना कधी लिहिला गेलाय, आणि मला तो कायम खटकतो. दागिना म्हटला की तो चारचौघांनी बघायचा, बाईंनी कौतुक करायचं, आणि ज्याच्याकडे नाही त्याने मागच्या बाकावर जाऊन बसायचं. हाताने लिहिण्याचं सगळं महत्त्व आपण दिसण्याला बांधून टाकलंय, आणि म्हणूनच त्यावरची आपली चर्चाही कायम चुकीच्या ठिकाणी सुरू होते.

आता बघा, सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी फॉरवर्ड टाकतंच, की हल्लीच्या पोरांना हाताने लिहिता येत नाही, सगळं मोबाइलने खाल्लं, स्वीडन स्क्रीन कमी करून परत पुस्तकं आणि वह्यांकडे वळलं, कॅलिफोर्नियाने तर 2023 मध्ये कायदाच केला की पहिली ते सहावी कर्सिव्ह शिकवायचंच. बातम्या खऱ्या आहेत. पण तो त्यांचा प्रश्न आहे, आपला नाही. मी भांडुपला संध्याकाळी सातवी ते दहावीचे क्लास घेते. पोरं शाळेतून तशीच येतात, दप्तरात क्लासवर्कची वही वेगळी, होमवर्कची वेगळी, निबंधाची वेगळी, प्रयोगवही, नकाशावही, प्रोजेक्टची फाइल, आणि मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. ह्यांना हाताने लिहायला कमी मिळतंय असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा ते दप्तर उचलून बघावं.

त्यातली एक वही उघडा. प्रश्न काळ्या पेनाने, उत्तर निळ्याने, समास आखलेला, धडा संपला की खाली दुहेरी रेघ, पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि तिच्यात तारखेसमोर बाईंची सही. उत्तर फळ्यावरून उतरवलेलं आणि फळ्यावर ते गाईडमधून आलेलं. आठवीतल्या एका मुलीला मी विचारलं, अगं जलसंधारण म्हणजे काय गं? तिच्या पानभर उत्तरात तो शब्द सहा-सात वेळा आला होता. "थांबा ना मॅडम, लिहिलंय मी" म्हणाली आणि पानं उलटायला लागली.

लिहिलंय खरं. फक्त तिने नाही लिहिलं, तिच्या हाताने लिहिलं. माझं सगळं भांडण इथे आहे. हाताने लिहिण्याची किंमत मोठी आहे, मी तर म्हणेन लोक समजतात त्यापेक्षा मोठी आहे, पण ती कागदात नाही, पेनात नाही, वळणदार अक्षरातही नाही. हात हळू चालतो आणि डोक्याला त्याच्यासाठी थांबावं लागतं, त्या थांबण्यात ती आहे. वाक्य आपलं असेल तरच हे थांबणं कामाचं. दुसऱ्याचं वाक्य उतरवताना डोकं कशाला थांबेल, ते खिडकीबाहेर निघून जातं आणि हात आपला चालत राहतो. आपण पोरांच्या हाताचं झेरॉक्स मशीन करून ठेवलंय, आणि वर कौतुक काय, तर आमच्या शाळेत अजून हाताने लिहून घेतात.

ह्या विषयावर ज्या संशोधनाचा सगळे दाखला देतात ते नीट वाचलं तरी हेच निघतं. 2014 मध्ये म्युलर आणि ओपनहायमर ह्या दोघांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना लेक्चर दाखवून नोट्स काढायला लावल्या, काहींना लॅपटॉपवर, काहींना हाताने. समज तपासणाऱ्या प्रश्नांमध्ये लॅपटॉपवाले मागे पडले. का, तर त्यांची बोटं भराभर चालायची म्हणून ते ऐकलेलं जसंच्या तसं टाइप करत होते, आणि तसं करू नका असं बजावून सांगितलं तरी करत होते. हाताने लिहिणाऱ्याला तो वेग जमणारच नव्हता, मग त्याला निवडावं लागलं, काय ठेवू, काय सोडू, आणि निवडायचं तर आधी समजायला पाहिजे. पुढे इतरांनी हाच प्रयोग परत केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही हेही सांगायला पाहिजे, फॉरवर्डवाले ते सांगत नाहीत. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्यात लॅपटॉपवाल्यांचा दोष काय होता? शब्दन् शब्द उतरवणं. आणि आपल्या वर्गातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य कोणतं? "उतरवून घ्या." बाई सावकाश डिक्टेट करतात, स्वल्पविरामसुद्धा सांगतात, म्हणजे हाताच्या हळूपणाचा जो एकमेव फायदा होता तोही आपण काढून घेतला, हात दुखायचा तेवढा दुखतो आणि पदरात पडतं ते लॅपटॉपवाल्याचंच.

लहान मुलांचा प्रयोग तर मला जास्तच आवडतो. 2012 मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं दिली, काही अक्षरं त्यांनी आपल्या मनाने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही नुसती टाइप केली. मग तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते मनाने काढलेल्या अक्षरांना सगळ्यात चांगले जागे झाले, टाइप केलेल्यांना नाही, आणि गिरवलेल्यांनाही तसे नाही! मुलं मोजकीच होती, त्यावरून डोंगर उभा करू नये, पण विचार करण्यासारखं आहे. वेडंवाकडं, तिरपं, कधी पोट फुगलेलं कधी दांडी मोडलेली असं स्वतः काढलेलं अक्षर उपयोगी पडतं, आणि आपल्याकडे बालवाडीपासून कित्ता गिरवण्यावर सगळा जोर. ठिपक्यांच्या बाहेर गेलं की पान फाडून परत.

आणि कागदाचा वास, शाईपेन, दौत, टीपकागद ह्या आठवणी काढणाऱ्यांसाठी एक बातमी. मुंबईत 1931 पासून शाई विकणाऱ्या कॅमलिनची बाटली माझ्याही घरी होती आणि माझीही बोटं निळी असायची, पण 2024 मध्ये नॉर्वेतून जो अभ्यास आला, की हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडले जातात, त्यात कागद नव्हताच. विद्यार्थी डिजिटल पेनने स्क्रीनवर लिहीत होते. (टायपिंगवाल्यांना मात्र एकाच बोटाने टाइप करायला लावलं होतं, आणि कोणाला किती आठवलं हे त्यात मोजलंच नव्हतं, ही मेख कोणी सांगत नाही.) म्हणजे पोराने टॅबवर पेनने स्वतःचं काही लिहिलं तर मला काडीचीही हरकत नाही. वहीत गाईड उतरवलं तर आहे.

शाळेतून सुटका झाली की हा प्रकार थांबतो असं वाटत असेल तर मुंबईतल्या कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा, सबमिशनच्या आठवड्यात तू काय करतोस. तो म्हणेल, छापतोय. असाइनमेंट लिहिणं ह्याला आपल्या पोरांनी शोधलेला शब्दच छापणं आहे, त्यांना सगळं कळतं. सिनिअरची फाइल आणायची, रात्रभर छापायची, ड्रॉइंगची शीट असेल तर जीटी मारायची, म्हणजे काचेखाली दिवा लावायचा, मित्राची शीट खाली, आपली कोरी वर, आणि आरपार दिसतंय ते गिरवत सुटायचं. पहाटे लोकलमध्ये उभ्या उभ्या इंडेक्स भरायचा. सर फाइल उघडतात, सह्या मारतात, फाइल वर्षाअखेरीला रद्दीत. ह्यात कोण काय शिकलं? जीटी मारणाऱ्याची कंबर दुखली एवढंच.

आणि आता एआय आलंय. मग बऱ्याच शिक्षकांना वाटायला लागलं की उपाय सोपा आहे, असाइनमेंट हातानेच लिहून मागवा, म्हणजे चॅटजीपीटीचं चालणार नाही. मला हसू येतं. पोरं काय करतात, मोबाइल पेन्सिल बॉक्सला टेकवून उभा ठेवतात, उत्तर स्क्रोल करतात आणि छापतात. आधी गाईड होतं, मग सिनिअरची फाइल, आता मशीन. उतरवणाऱ्याला काय फरक पडतो. ज्या व्यवस्थेने बारा-पंधरा वर्षं फक्त उतरवायला शिकवलं तिने आता हस्ताक्षराकडे प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून बघायचं, हे जरा जास्तच झालं.

ह्याची किंमत मोठेपणी कशी चुकवावी लागते ते आपण पाहिलंय. एमपीएससीने 2022 मध्ये जाहीर केलं की राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, म्हणजे पर्यायाचा गोल काळा करायचा नाही, उत्तर लिहायचं. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, आणि शेवटी ते 2025 पासून लागू करायचं ठरलं. त्यांची चूक मी काढणार नाही, ज्याने वर्षानुवर्षं गोल रंगवण्याची तयारी केली त्याला अचानक स्वतःची वाक्यं मागितली तर तो घाबरणारच. पण तीच पोरं दहावी-बारावीला तीन-तीन तास हाताने पेपर लिहून आली होती की नाही? मग लिहिण्याची भीती कुठून आली? आली, कारण ते तीन तासही बऱ्यापैकी पाठ केलेलं ओतण्यातच गेले होते. निबंधसुद्धा पाठ करून जातात हो! "सूर्य उगवला नाही तर" आणि "फाटक्या पुस्तकाचे मनोगत" ही तुम्ही-आम्ही पाठ केली, आपली पोरंही करतात, पुस्तक बिचारं अजून फाटकंच.

हाताला सवय लागते आणि सवय जातेही, हे सरकारलाही मान्य आहे. कोविडनंतर 2022 ची बोर्डाची परीक्षा झाली तेव्हा लिहिण्याचा सराव सुटलाय म्हणून 70 ते 100 मार्कांच्या पेपरला अर्धा तास जास्त दिला होता. तो निर्णय योग्यच होता. माझं म्हणणं एवढंच की स्वतःचं वाक्य जुळवण्याचा सराव तर त्याच्या कितीतरी आधीपासून सुटलाय, त्याच्यासाठी जादा वेळ कोण देणार?

बरं, एक गोष्ट मात्र हाताशिवाय खरंच जाते आणि तिच्याबद्दल मी थोडी हळवी आहे. आपला मराठी ल, दोन पाकळ्यांचा, आणि आपला देठाचा श. राज्य सरकारने 2009 मध्ये जीआर काढून मराठीसाठी हीच रूपं ठरवलीत, पण बहुतेकांच्या फोनवर दिसतात ती हिंदी वळणाची. माझ्या क्लासमध्ये आता एकाच वहीत दोन्ही ल सापडतात, बाईंनी शिकवलेला एक आणि स्क्रीनवर पाहिलेला एक, आणि पोरांना ते वेगळे आहेत हे लक्षातही येत नाही. जीआर निघाला म्हणून अक्षर टिकत नाही, रोज कोणीतरी ते काढावं लागतं. मोडीचं तेच झालं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास चालणारी लिपी, आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता सरसर खाली लिहीत जायचं. शाळेतून ती गेली आणि घरातले कागद घरच्यांनाच वाचता येईनात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधताना जिल्ह्याजिल्ह्यात धावपळ झाली, कुण्या कारकुनाने कधीकाळी खरडलेल्या ओळीवर आज कोणाचा तरी दाखला अडून बसला. तेव्हा "आता कुठे लागतं हाताने लिहायला" असं म्हणणाऱ्यांनी जरा बेताने.

दुसऱ्या बाजूलाही मला तेवढंच भांडायचंय. काही मुलांना हाताने लिहिणं म्हणजे रोजची शिक्षा असते. डोक्यात उत्तर तयार असतं, तोंडी विचारा, खडाखडा सांगतील, पण पेन धरलं की अक्षरं पुढेमागे होतात, ओळ सुटते, अर्ध्या पानात हात भरून येतो. ह्याला आळस म्हणायचे दिवस गेले, सायन हॉस्पिटलमध्ये अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, सर्टिफिकेट मिळतं, बोर्ड त्या मुलांना लेखनिक देतं, जास्तीचा वेळ देतं. तरी स्टाफरूममध्ये "सवलती घेतात" हा सूर असतोच. ह्या लोकांना मला जीपीओसमोरच्या पत्रलेखकांची आठवण करून द्यावीशी वाटते. बिहार-यूपीतून किंवा आपल्याच कोकणातून आलेला हमाल, गिरणीकामगार त्यांच्यासमोर बसायचा, घरी काय कळवायचं ते सांगायचा, आणि ते लिहायचे, मनीऑर्डरचा फॉर्मही भरायचे. अक्षर त्यांचं असायचं. पण पत्र कोणाचं होतं? गावी ते वाचून जी बाई रडायची ती पत्रलेखकाच्या अक्षरासाठी रडायची का? लेखनिक घेऊन स्वतःचं उत्तर सांगणारं मूल माझ्या मते लिहितंय, आणि मोत्यासारख्या अक्षरात गाईड उतरवणारं मूल लिहीत नाहीये. हे पटलं की अक्षरावरून मुलाची लायकी ठरवण्याची सवयही सुटेल, सुटायला हवी.

मग हाताचा आग्रह कशाला, टाइप करू दे की स्वतःचं, असं कोणी म्हणेल. करू दे. पण ज्यांना हात साथ देतो त्यांच्याकडून आधी हाताने घ्या, आणि का ते एक उदाहरण देऊन सांगते. मागच्या पावसाळ्यात मी पोरांना म्हटलं, गाईड बंद, मोबाइल बंद, पाऊस पडला की तुमच्या गल्लीत काय होतं ते अर्ध्या पानात लिहा. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, मॅडम सुरुवात सांगा ना, मॅडम मुद्दे द्या ना, किती ओळी. नववीतल्या एका मुलाने "पाऊस हा निसर्गाचा अनमोल ठेवा आहे" असं लिहिलं, ते खोडलं. मग लिहिलं की त्यांच्या खोलीत पाणी शिरतं. त्याच्यापुढे "आम्हाला खूप दुःख झाले" होतं, तेही खोडलेलं, आणि वर बारीक अक्षरात, "आईने आधी सिलिंडर पलंगावर ठेवला मग आम्हाला बसायला सांगितले". पुढे आणखी दोन ओळी, त्यातलं एक वाक्य अर्धवटच.

शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. पण मला त्या खोडलेल्या दोन ओळी फार मोलाच्या वाटल्या, कारण हा मुलगा एका वाक्यावरून दुसऱ्यावर कसा गेला ते कागदावर दिसत होतं. गाईडचं वाक्य आलं, नको वाटलं, मग भावना दाखवणारं तयार वाक्य आलं, तेही नको वाटलं, आणि मग डोळ्यासमोरचा सिलिंडर आला. फोनवर हेच केलं असतं तर बॅकस्पेस मारून सगळं गेलं असतं, वर कीबोर्डने "अनमोल"नंतर "ठेवा" स्वतःच सुचवला असता. तो सिलिंडरपर्यंत पोचला असता का? कदाचित. पण रस्त्यात मोह जास्त होते. हाताला कोणी पुढचा शब्द सुचवत नाही. आणि मला शिक्षक म्हणून जे बघायचं असतं, की डोकं नेमकं कुठे अडलं आणि कुठे सुटलं, ते खोडलेल्या ओळीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसतच नाही. आपण मात्र "खाडाखोड करू नये" अशी वेगळी सूचना छापतो, व्हाइटनर लावायला लावतो, नाहीतर पान फाडून परत फेअर करायला सांगतो. फेअर करायचंच असेल तर ते टाइप करून करा ना! कच्चं हाताने, पक्कं हवं तर फोनवर. आपण बरोब्बर उलटं करतो, कच्चं गाईडमधून येतं आणि पक्कं हाताने निघतं.

शाळेतल्या शिक्षकांचीही बाजू आहे, ती न सांगता हे लिहिणं अन्याय होईल. एका वर्गात साठ पोरं, साठ वेगवेगळ्या पावसाचे निबंध वाचायचे म्हणजे रात्री घरी घेऊन जायचे, वर इलेक्शन ड्युटी, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं. साठ वह्यांत एकच उत्तर असेल तर टिकमार्क मारत पाऊण तासात काम होतं. तपासणीला येणारे साहेबही वही पूर्ण आहे का हेच बघतात, आणि पालकसभेत आपण पालक तरी दुसरं काय विचारतो? "बाई, ह्याची वही पूर्ण नाही." मुलाने स्वतःचं एक वाक्य लिहिलंय का असं विचारणारा पालक मी तरी अजून पाहिला नाही. म्हणजे पानं कमी झाल्याशिवाय हे होणार नाही, आणि पानं कमी केली की शाळा काही शिकवत नाही अशी ओरड आपणच करणार.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तिच्या शाळेत मागणी केली, आठवड्यातून एक तास द्या, गाईडशिवाय, मुद्द्यांशिवाय, पोरं जे लिहितील ते, आणि त्याला मार्क नाहीत. मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, नाही म्हणाल्या नाहीत. शुक्रवारचा शेवटचा तास दिलाय, दिवाळीनंतर. त्याआधी सगळ्या विषयांच्या वह्या पूर्ण करून जमा करायच्यात, अनुक्रमणिकेसकट.